इंग्लंडमधल्या टिडवर्थच्या छावणीत 'असई बराकी'? आजूबाजूला त्या काळातलं अजून काय बघण्यासारखं आहे?

मोसंबी_जालना:

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे सध्या मुक्काम बेसिंगस्टोकला. आईबाबा गावाकडून आलेत, मागच्या शनिवारी त्यांना स्टोनहेंज दाखवायला घेऊन गेलो होतो. बाबा शेजारी बसून फोनवर नकाशा चाळत होते (त्यांना रस्त्यापेक्षा नकाशात जास्त रस असतो, असो) आणि एकदम म्हणाले अरे इथं असई लिहिलंय! मला वाटलं चष्मा नाहीये म्हणून काहीतरी वाचलं असेल, पण खरंच टिडवर्थ नावाच्या गावात Assaye ला 'असाये' की काय म्हणतात तसं लिहिलेल्या बराकी दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी भरतपूर, दिल्ली, लखनौ, मुलतान. आमचं मूळ गाव भोकरदन तालुक्यातलं, असई तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बाबांना आता स्टोनहेंज वगैरे काही नको झालंय, त्यांना ही बराक बघायची आहे.

तर प्रश्न असे. ही आमचीच असई का? या बराकी कधीच्या, जुन्या इमारती अजून आहेत की पाडून टाकल्या? आणि लष्करी भाग आहे म्हटल्यावर आत सोडणार नाहीत हे कळतंय, पण रस्त्यावरून तरी काही दिसतं का? त्याच काळातलं, म्हणजे १९०० ते १९२० वगैरे, आजूबाजूला बघण्यासारखं काही असेल तर तेही सांगा, एवढ्या लांब फक्त एक फाटक बघायला नेलं तर आई माझं काही खरं ठेवणार नाही.

विल्टशरवाला:

तुमचीच असई. २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई. तेव्हा जिंकलेला आर्थर वेलस्ली म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

मी या भागात बरीच वर्षं आहे, तर जरा सविस्तर लिहितो. सॅलिसबरी प्लेनवरची जमीन ब्रिटिश युद्धखात्याने १८९७ पासून विकत घ्यायला सुरुवात केली. ऑल्डरशॉटच्या जुन्या छावणीची जागा कवायतीला अपुरी पडत होती, लांब पल्ल्याच्या तोफा आणि रायफली आल्या होत्या, त्यांना मोकळं माळरान पाहिजे होतं. टिडवर्थमधला टेडवर्थ हाऊस हा वाडा आणि त्याची जहागीर त्यातच घेतली. हा वाडा टॉमस अ‍ॅशेटन स्मिथ नावाच्या कोल्ह्याच्या शिकारीने वेड्या झालेल्या जमीनदाराने १८३० च्या सुमारास बांधलेला. मग झालं बोअर युद्ध. दक्षिण आफ्रिकेत मूठभर शेतकऱ्यांनी फौजेला घाम फोडला, त्यानंतर सैन्याची रचना बदलायची टूम निघाली आणि परत येणाऱ्या पलटणींना ठेवायला कायमच्या बराकी लागल्या. त्या १९०२ ते १९०५ या काळात इथं उभ्या राहिल्या. म्हणजे तंबू नाहीत, पत्र्याची शेडं नाहीत, पक्क्या लाल विटांच्या लांबलचक इमारती, एका ओळीत आठ बराकी. अलीवाल, असई, भरतपूर, कंदाहार, दिल्ली, जलालाबाद, लखनौ, मुलतान. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे लावून बघा, ए बी सी डी, मग जे एल एम. कोणीतरी कारकुनाने फाईल लावावी तशी नावं दिलीत.

जुन्यांपैकी काही इमारती आज नाहीत. २००६ पासून इथल्या छावण्यांची मोठी पुनर्बांधणी झाली, जवानांना एकेकट्या खोल्या, नवीन मेस, जिम वगैरे, त्यामुळे जुनी वीट आणि नवीन वीट शेजारी शेजारी दिसते. रस्त्यावरून काही भाग दिसतो. फाटकासमोर गाडी थांबवून फोटो काढत बसू नका, आधी विचारा, उगाच पहाऱ्यावरच्या पोराला कामाला लावायचं नाही.

एक गंमत म्हणजे १९९२ पर्यंत उत्तर टिडवर्थ विल्टशर जिल्ह्यात आणि दक्षिण टिडवर्थ हॅम्पशरमध्ये होतं. एकाच छावणीच्या दोन बाजूंना दोन जिल्हे. आपल्याकडे असतं तर आतापर्यंत सीमाप्रश्न होऊन कृती समिती स्थापन झाली असती.

खडकीकर_निवृत्त:

यादी बघून हसू आलं आणि थोडा रागही आला. ह्या आठ नावांत सगळ्या जिंकलेल्या लढाया. कंदाहार आहे, १८८० सालची, इंग्रज सेनापती रॉबर्ट्स काबूलहून फौज घेऊन भर ऑगस्टमध्ये चालत आला आणि अफगाण सरदार अयूब खानाला हरवलं ती. पण त्याच्या महिनाभर आधी २७ जुलैला मैवंदला ज्या फौजेचा धुव्वा उडाला तिचं नाव कुठं आहे? त्यात आपली मुंबईची माणसं होती, फर्स्ट बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स, आणि बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांची, कंपनी. मैवंद बराकी नाहीत. आणि १७७९ ला वडगावला इंग्रज मराठ्यांपुढे शरण आले, तर 'वडगाव बराकी' ही कुणी बांधल्याचं ऐकलं नाही 😄

मुलतान मात्र आमच्या जवळचं. १८४८-४९ च्या वेढ्यात मुंबई फौजेची तुकडी सिंधकडून वर गेली होती, बॉम्बे सॅपर्सच्या युद्धसन्मानांत मुलतान आहे. मी नोकरी सगळी खडकीत काढली, रोज तीच नावं भिंतीवर वाचायचो आणि कधी लक्ष दिलं नाही, सवयीने डोळे आंधळे होतात.

भरतपूरचं सांगायचं तर १८०५ ला जनरल लेकने चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा मार खाल्ला. यशवंतराव होळकर तेव्हा जाट राजाच्या आश्रयाला तिथंच होते. शेवटी किल्ला पडला तो १८२६ ला, कंबरमिअरने पाडला. बराकीला नाव त्या जिंकण्याचं, आधीच्या चार पराभवांचं अर्थातच नाही.

शिंदेशाही_तोडा:

एवढा अभिमान कशाला त्या बराकींचा, आपल्याच माणसांना मारल्याचं नाव आहे ते. बाबांना म्हणावं घरी बसा.

धाकटी_पाती_भोकरदन:

@शिंदेशाही, अहो अभिमान कुणी केलाय. आमच्या गावाचं नाव साता समुद्रापार भिंतीवर लिहिलंय तर बघावंसं वाटणारच ना माणसाला. आणि 'आपली माणसं' म्हणताय तर ऐका, वेलस्लीच्या फौजेत बहुतेक पायदळ मद्रासी शिपायांचं होतं, गोऱ्यांच्या दोनच पलटणी, आणि बाजीरावाने वसईचा तह केल्यामुळे पेशव्यांचे स्वारसुद्धा इंग्रजांच्याच बाजूला उभे. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले, पण शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन, तो हॅनोवरचा जर्मन. कोण आपलं आणि कोण परकं ते तुम्हीच लावा.

@मोसंबी, मी असईपासून जवळच राहते, माहेर तिकडचंच. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ती जागा आहे. बाबांना माहिती असेलच पण बाकीच्यांसाठी, वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं होतं की नदीला पायी ओलांडायला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं की नदीच्या ह्या काठाला पिंपळगाव आणि बरोबर समोरच्या काठाला वरूड, दोन्ही गावं समोरासमोर, म्हणजे मधे येण्याजाण्याची वाट असणारच. आणि निघाला उतार. इतकी साधी गोष्ट, कोणत्याही खेड्यातल्या बाईला कळेल, नदीपलीकडे सोयरीक असते तर पाय भिजवूनच जावं लागतं. तिथून फौज पलीकडे नेली आणि मग जे काही झालं ते भयंकर होतं, इंग्रजांचेच दीड हजारावर मेले-जखमी झाले, ७४ व्या हायलँडर्स पलटणीचे तर जवळजवळ सगळे अधिकारी पडले. शिंद्यांच्या तोफखान्यातल्या गोलंदाजांनी जागा सोडली नाही म्हणून. म्हातारपणी वेलिंग्टनला विचारलं होतं की तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कोणती, तर तो वॉटर्लू नाही म्हणाला, असई म्हणाला.

अजून एक, असईत लढलेल्या पलटणींना मानचिन्ह म्हणून हत्ती मिळाला. आपल्या आजच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातला हत्ती तोच. टिडवर्थला किंवा तिकडच्या कुठल्या लष्करी संग्रहालयात हत्तीचा बिल्ला दिसला तर बाबांना नक्की दाखवा.

मोसंबी_जालना:

वा! बाबांना सगळं वाचून दाखवलं. पिंपळगाव-वरूडचं त्यांना पाठ होतं, उलट तेच मला अर्धा तास शिकवत बसले. हत्तीचं मात्र नवीन होतं. आईचा प्रश्न वेगळाच आहे, 'तिथं झाडं-बिडं, मोकळी जागा, चहा प्यायला काही आहे का'. म्हणजे फक्त विटा दाखवून चालणार नाही.

मीरा_साऊदम्प्टन:

काकूंसाठी माझ्याकडे उत्तर आहे, बुलफर्डचा किवी! टिडवर्थपासून गाडीने फार लांब नाही. बुलफर्डची छावणीही त्याच जमीन खरेदीतून झालेली, आणि तिला जोडून १९०३ मध्ये स्लिंग कॅम्प झाला. पहिल्या महायुद्धात तो न्यूझीलंडच्या सैनिकांच्या ताब्यात. युद्ध संपलं नोव्हेंबर १९१८ ला, पण घरी न्यायला जहाजं नाहीत, महिने उलटले तरी ह्या पोरांना रोज कवायत. शेवटी मार्च १९१९ मध्ये दंगा झाला, कँटीन-बिंटीन लुटलं. मग अधिकाऱ्यांनी त्यांना कामाला लावायचं म्हणून डोंगराच्या उतारावरची हिरवळ खरवडून खालचा पांढरा खडू उघडा करायला लावला आणि तिथं ४२० फुटांचा किवी पक्षी काढला, शेजारी एन झेड अशी अक्षरं. त्याचं रेखाटन म्हणे ब्रिटिश म्युझियममधल्या पेंढा भरलेल्या किवीवरून केलं होतं, कारण इंग्लंडमध्ये जिवंत किवी कुठून आणणार.

पुढे त्याची डागडुजी बराच काळ बुटाच्या किवी पॉलिश कंपनीने केली. हो तेच पॉलिश, शाळेत शनिवारी पांढरे बूट आणि बाकी दिवस काळे, तो डबीवरचा पक्षी. २०१७ ला सरकारने त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला. बांधकाम म्हणावं की नाही माहीत नाही पण टिडवर्थच्या सगळ्या बराकी एका बाजूला आणि कंटाळलेल्या पोरांनी काढलेला हा पक्षी एका बाजूला, मला तर हाच जास्त खरा वाटतो. खालून बघायला मिळतो, अगदी जवळ जायचं तर चढ आहे, काकूंचे गुडघे बघून ठरवा.

आणि महत्त्वाचं म्हणजे सॅलिसबरी प्लेनचा सुमारे ३८ हजार हेक्टर भाग अजून सरावाचा आहे. लाल निशाण लावलेलं दिसलं की पायवाट कितीही छान वाटली तरी आत शिरायचं नाही, खऱ्या गोळ्या असतात. जाताना त्या दिवसाचं वेळापत्रक सरकारी साईटवर बघून घ्या.

विमानवेडा_ठाणे:

कुणी लार्कहिलचं नावच घेतलं नाही म्हणजे कमाल झाली! स्टोनहेंजपासून उत्तरेला दोन-तीन किलोमीटर. १९१० मध्ये ब्रिस्टल कंपनीने तिथं विमानं ठेवायला आणि शिकवायला शेडं बांधली, ती अजून उभी आहेत, ब्रिटनमध्ये टिकून राहिलेल्या विमानतळाच्या इमारतींमध्ये सगळ्यात जुन्या. दिसायला काय तर मोठ्ठं पत्र्याचं गॅरेज, दारं सरकणारी, आणि बाहेर एक पाटी. ज्याला माहीत नाही तो बघणारपण नाही. पण विचार करा, राईट बंधूंचं पहिलं उड्डाण १९०३ चं आणि त्यानंतर सात वर्षांत इथं भाडं भरून उडायला शिकवणारी शाळा!! ऑगस्ट १९१२ मध्ये ह्याच ठिकाणी लष्करासाठी विमान निवडायची स्पर्धा झाली, मोठमोठ्या कंपन्या उतरल्या होत्या आणि जिंकला कोण तर कोडी, मूळचा अमेरिकन, काउबॉयचे खेळ करणारा, पतंग उडवणारा माणूस. ५ हजार पौंड मिळाले. वर्षभरातच १९१३ ला विमान पडून गेला बिचारा.

आणि स्टोनहेंजच्या व्हिजिटर सेंटरपाशी एक दगडी क्रूस आहे, 'एअरमन्स क्रॉस', मोसंबीराव तुम्ही त्याच्या शेजारून गेला असणार आणि बघितला नसणार, कोणीच बघत नाही, सगळे बसच्या रांगेकडे पळतात. ५ जुलै १९१२ ला कॅप्टन लोरेन आणि स्टाफ सार्जंट विल्सन विमानासकट पडले, रॉयल फ्लाइंग कोअरचे, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश लष्करी विमानदळाचे, पहिले बळी. बरोबर वर्षाने क्रूस उभारला. आधी तो चौकात होता, व्हिजिटर सेंटर बांधताना उचलून आत आणला. अधिकारी आणि सार्जंट दोघांची नावं एकाच दगडावर, १९१३ सालच्या इंग्रजी फौजेत हे सहज होत नसे.

विल्टशरवाला:

विमानवेडा यांना अनुमोदन, क्रूस बघाच. टिडवर्थमध्येच राहायचं तर अजून दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

एक म्हणजे स्टेशन. आता नाही, पण नसलेल्या वास्तूंमध्ये हीच सगळ्यात इंटरेस्टिंग. बराकी बांधायला वीट-सिमेंट कसं आणणार, म्हणून युद्धखात्याने स्वतःच लडगर्शलपासून टिडवर्थपर्यंत छोटा फाटा टाकला, आणि १९०२ मध्ये तो साध्या प्रवाशांसाठीही खुला झाला. गाव एवढंसं पण पलटणी आख्ख्या चढायच्या-उतरायच्या, घोड्यांसकट, त्यामुळे फलाट लांबच लांब. गाडी चालवणारी मिडलँड अँड साउथ वेस्टर्न जंक्शन ही कंपनी कायम कडकीत असायची, तिच्या सगळ्या मार्गावर सर्वात जास्त कमाई ह्या एका स्टेशनाची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात टेडवर्थ पार्कात दरवर्षी टॅटू व्हायचा, म्हणजे बँड, मशाली, घोड्यांच्या कवायती, त्याला खास गाड्या सुटायच्या. प्रवासी गाडी १९५५ ला बंद. अँडोव्हरहून लडगर्शलपर्यंतचा रूळ मात्र अजून आहे, लष्कर रणगाडे न्यायला वापरतं.

ह्याच फलाटांवरून ऑगस्ट १९१४ मध्ये सेकंड कॅव्हलरी ब्रिगेड फ्रान्सला निघाली. तिच्यातल्या फोर्थ ड्रॅगून गार्ड्स रिसाल्याने २२ ऑगस्टला बेल्जियममधल्या कास्तोजवळ जी गोळी झाडली ती त्या युद्धातली पश्चिम आघाडीवरची ब्रिटिशांची पहिली गोळी समजतात. झाडणारा कॉर्पोरल थॉमस. असई-मुलतानच्या नावाच्या बराकींतून घोड्यावर बसून निघालेले लोक, आणि वर्षभरात घोडे मागे ठेवून खंदकात.

दुसरी गोष्ट लष्करी दफनभूमी. ती बघता येते, शांत आहे, झाडं आहेत, काकूंना आवडेल. पहिल्या महायुद्धातल्या थडग्यांत ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे बरेच, कारण तेव्हा ऑस्ट्रेलियन फौजेच्या इंग्लंडमधल्या डेपोंचं, म्हणजे तळांचं, मुख्यालय इथंच होतं. लढाईत मेले नाहीत असे बरेच, आजारपणात गेले.

खडकीकर_निवृत्त:

नेताय तर बाबांना एक विचारा, असई जिंकून शंभर वर्षांनी नाव देणाऱ्याला खडकी का आठवली नाही. ५ नोव्हेंबर १८१७, पेशवाईचा खरा निकाल तिथंच लागला आणि काही पलटणींच्या निशाणावर खडकीचं नाव होतंही. माझा अंदाज असा की त्यात फौज कंपनी सरकारची, आणि वेलिंग्टनसारखं मोठं नाव नव्हतं. बराकीला नाव देताना लढाईपेक्षा सेनापती बघितला असणार. अलीवाल घ्या, ती जिंकणारा हॅरी स्मिथ. कंदाहार, रॉबर्ट्स, जो १९०१ ते १९०४ ह्याच काळात फौजेचा सरसेनापती होता! साहेबांच्या हयातीत साहेबांची लढाई, आपल्याकडे नगरपालिकेत चालतं तसंच.

धाकटी_पाती_भोकरदन:

@खडकीकर, हे रॉबर्ट्सचं पटलं. पण जलालाबादला कुठला मोठा सेनापती? १८४२ ला वेढ्यात अडकून बसले होते नुसते. मला वाटतं अफगाण युद्धात लाज राखणारं दुसरं काही सापडलं नाही.

मोसंबी_जालना:

बाबा म्हणतात दोघांचंही बरोबर, आणि दोघांनाही असईला आल्यावर घरी जेवायला या म्हणून सांगितलंय (खरंच येऊ नका, आई इथं आहे).

तर रविवारचा बेत असा ठरवतोय, सकाळी टिडवर्थ, रस्त्यावरून बराकी, दफनभूमी, मग बुलफर्डचा किवी खालून, मग लार्कहिलची शेडं आणि क्रूस. स्टोनहेंजचं तिकीट परत काढावं लागेल का फक्त क्रूस बघायला?

मीरा_साऊदम्प्टन:

क्रूस व्हिजिटर सेंटरच्या आवारात आहे, दगडांपर्यंत जायचं नसेल तर तिकीट नको, पार्किंगचं मात्र त्या दिवशी काय आहे ते आधी साईटवर बघून घ्या, सुट्टीच्या सीझनला नियम बदलतात. चहा तिथंच मिळेल. डबा घरून न्या, सँडविचवर काका दिवस काढणार नाहीत.

विमानवेडा_ठाणे:

लार्कहिलला आधी जा, संध्याकाळी उजेड गेला की शेडं आणि साधं गोदाम यात फरक कळत नाही. फोटो टाका इथं, पाटीचा पण.